शोध घेणे आणि शोध लागणे : अंकीय अभिलेखागारे व डी.एन.ए.ची कागदपत्रे

१

मराठीत ‘शोध’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न व्यापारांसाठी योजला जातो. माणूस हरवलेल्या वस्तूचा शोध घेतो. आणि अज्ञात वस्तूचा त्याला शोध लागतो. पहिल्या प्रयोगात माणूस कर्ता आहे. आपल्याला काय हवे आहे, हे त्याला आधीच ठाऊक असते आणि ते कोठे पडले आहे एवढेच त्याला पाहावयाचे असते. दुसऱ्या प्रयोगात माणूस कर्तेपण सोडून चतुर्थीत जाऊन बसतो. शोध त्याला ‘लागतो’. त्याच्या अपेक्षेपलीकडचे काही तरी त्याच्यापुढे येऊन उभे राहते. ‘संशोधन’ ह्या शब्दात ह्या दोहोंखेरीज तिसराही एक अर्थ आहे. मुळातल्या ‘शुध्’ धातूला अनुसरून तो शुद्धीकरणाचा, म्हणजे आधी ठरलेल्या समजुतीतील मळ काढून टाकण्याचा आहे. ह्या तिन्ही क्रिया परस्परावलंबी असल्या, तरी एक नव्हेत. ज्या साधनाने पहिली सुकर होते त्याने उरलेल्या दोन्ही आपोआप सुकर होतात, असे मानणे ही मोठी चूक होय.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगातील अनेक ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांनी ऐतिहासिक पत्रे, छायाचित्रे व शास्त्रीय संशोधनाची टिपणे ह्यांच्या प्रतिमा करून त्या संगणकावर सर्वांना खुल्या केल्या आहेत. ह्या अंकीय अभिलेखागारांनी पहिली क्रिया किती सोपी केली, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पूर्वी ज्या कागदासाठी समुद्र ओलांडावा लागे तो आता कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या विद्यार्थ्याला त्याच्या खोलीत पाहावयास मिळतो. तथापि ह्या सोयीबरोबर एक समजूतही रूढ होऊ पाहत आहे. शोधचौकटीत शब्द घालावा, जे निघेल ते पुरावा म्हणून घ्यावे आणि जे निघणार नाही ते नाहीच असे धरावे, ही ती समजूत. प्रबंधांच्या प्रस्तावनांत ‘अमुक संग्रहात ह्या विषयी काहीही आढळत नाही’ अशी विधाने आढळतात. ती कशाच्या आधारावर केली गेली, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.

ह्या प्रश्नाचा विचार अमूर्त पातळीवर न करता एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करणे श्रेयस्कर होईल. डी.एन.ए.च्या रचनेच्या शोधाचे उदाहरण त्यासाठी विशेष उपयुक्त आहे. ह्या प्रकरणात पत्रे आहेत, एक जगप्रसिद्ध छायाचित्र आहे आणि प्रयोगशाळेतील टिपणवह्या व अहवालही आहेत. त्यातील बराच भाग अंकीय रूपात उपलब्ध आहे. आणि ह्या कागदांच्या वाचनावर एका शास्त्रज्ञ स्त्रीच्या श्रेयाचा निवाडा अवलंबून आहे.

२

प्रकरणाचा स्थूल आराखडा असा : ‘नेचर’ ह्या नियतकालिकाच्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकात डी.एन.ए.विषयी तीन लेख एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले. पहिला केंब्रिजच्या जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक ह्यांचा, दुसरा लंडनच्या किंग्ज कॉलेजातील मॉरिस विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा, आणि तिसरा त्याच कॉलेजातील रोझालिंड फ्रँकलिन व त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग ह्यांचा. १९५८ च्या एप्रिलमध्ये फ्रँकलिन वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारल्या. १९६२ चे नोबेल पारितोषिक क्रिक, वॉटसन आणि विल्किन्स ह्या तिघांना मिळाले. १९६८ मध्ये वॉटसन ह्यांनी ‘द डबल हेलिक्स’ हे आपले आत्मकथनपर पुस्तक प्रसिद्ध केले. फ्रँकलिन ह्यांच्या प्रयोगशाळेत मे १९५२ मध्ये घेतलेले एक क्ष-किरण छायाचित्र विल्किन्स ह्यांनी आपल्याला १९५३ च्या जानेवारीअखेर दाखविले आणि त्या क्षणी सर्व काही उलगडू लागले, असे त्यात नाट्यपूर्ण रीतीने सांगितले आहे. तेव्हापासून ‘छायाचित्र क्रमांक ५१’ हे एका अन्यायाचे चिन्ह बनले. १९७५ मध्ये अ‍ॅन सेर ह्यांनी आणि २००२ मध्ये ब्रेंडा मॅडॉक्स ह्यांनी फ्रँकलिन ह्यांची चरित्रे लिहिली ती ह्याच पार्श्वभूमीवर.

ह्या प्रकरणाची कागदपत्रे मात्र एका जागी नाहीत. फ्रँकलिन ह्यांची बरीच कागदपत्रे केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात आहेत. क्रिक ह्यांची मोठी दप्तरे लंडनच्या वेलकम संस्थेकडे २००१ मध्ये आली. विल्किन्स ह्यांची किंग्ज कॉलेजात, वॉटसन व सिडनी ब्रेनर ह्यांची अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत, आणि ह्याच स्पर्धेतील लायनस पॉलिंग ह्यांची ओरेगन स्टेट विद्यापीठात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९८ पासून शास्त्रज्ञांच्या निवडक कागदांच्या प्रतिमा प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यात पुढे क्रिक आणि फ्रँकलिन हे दोघेही आले. २०१३ मध्ये वेलकम ग्रंथालयाने चर्चिल कॉलेज, किंग्ज कॉलेज, कोल्ड स्प्रिंग हार्बर आदी संस्थांच्या साहाय्याने आधुनिक जनुकशास्त्राच्या प्रवर्तकांची दप्तरे एकत्र खुली केली.

ह्या एकत्रीकरणाचे मोल कमी लेखता येत नाही. पत्र लिहिणाऱ्याच्या दप्तरात त्याला आलेली पत्रे असतात. त्याने धाडलेली पत्रे दुसऱ्यांच्या दप्तरांत जाऊन पडलेली असतात. कार्बन प्रत ठेवण्याची सवय नसेल, तर पत्रव्यवहाराची एक बाजू एका खंडात आणि दुसरी दुसऱ्या खंडात राहते. प्रश्न एका गावी आणि उत्तर दुसऱ्या गावी अशी ही स्थिती असते. दोन्ही बाजू एका पडद्यावर शेजारी ठेवता येणे ही पूर्वीच्या अभ्यासकांना अप्राप्य असलेली सोय आहे. प्रश्न सोयीच्या मूल्याचा नाही. तिच्या मर्यादा कोणत्या, हा आहे.

३

पहिली मर्यादा शब्दांची आहे. संगणक शब्द शोधतो, अर्थ शोधीत नाही; आणि इतिहासातील माणसे आपल्या मनातील शब्द वापरीत नाहीत. आजचा विद्यार्थी ‘डी.एन.ए.’ ही तीन अक्षरे बिंदूंवाचून लिहून शोध घेईल. वॉटसन-क्रिक ह्यांच्या लेखाच्या शीर्षकात ती अक्षरे नाहीत. तेथे ‘डीऑक्सिरायबोज न्यूक्लिइक अ‍ॅसिड’ असे पूर्ण नाव आहे आणि लेखात संक्षेप येतो तो बिंदूंसह. फ्रँकलिन व गॉसलिंग ह्यांच्या लेखाचे शीर्षक तर ‘सोडियम थायमोन्यूक्लिएट’ ह्या पदार्थाच्या रेणुरचनेविषयी आहे. ज्या लेखात ते सुप्रसिद्ध छायाचित्र छापले गेले, तो लेख केवळ शीर्षकांचा शोध घेणाऱ्यास ‘डी.एन.ए.’ ह्या शब्दाने सापडत नाही. इतकेच नव्हे, तर त्या छायाचित्राखालच्या ओळीत ‘५१’ हा क्रमांकही नाही. वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेल्या पदार्थाची ‘ब’ रचना, एवढेच तेथे म्हटले आहे. ज्या नावाने जग ते चित्र ओळखते, ते नाव त्याच्या प्रथम प्रकाशनाच्या वेळी छापलेच गेले नव्हते.

हीच गोष्ट व्यक्तिनामांची. ७ मार्च १९५३ रोजी विल्किन्स ह्यांनी क्रिक ह्यांना एक पत्र पाठविले. फ्रँकलिन आता किंग्ज कॉलेज सोडून जाणार आणि मग आपल्याला मोकळेपणी काम करता येईल, असा त्याचा आशय. डी.एन.ए.च्या इतिहासात ह्या पत्राचे स्थान मोठे आहे. पण त्यात फ्रँकलिन ह्यांचा निर्देश ‘आमची डार्क लेडी’ अशा शब्दांत आहे. मॅडॉक्स ह्यांनी आपल्या चरित्राचे नाव ह्याच उल्लेखावरून घेतले. ‘फ्रँकलिन’ हे आडनाव घालून शोधणाऱ्यास हा उल्लेख त्या शब्दाच्या बळावर कधीही सापडणार नाही. सूचीकाराने पत्र वाचून, ‘येथे रोझालिंड फ्रँकलिन ह्यांचा उल्लेख आहे’ अशी नोंद केली असेल, तरच तो पुढे येईल. म्हणजे शोधचौकटीचे यश हे मुळात कोणा अज्ञात अभिलेखपालाच्या वाचनाचे यश असते. त्यातही एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. तिरस्काराने, थट्टेने वा सवयीने माणसाचे नाव टाळून जे लिहिले जाते, तेच पुष्कळदा त्या माणसाच्या स्थितीविषयी सर्वांत बोलके असते. नाव घालून शोध घेणारा औपचारिक उल्लेख गोळा करतो आणि अनौपचारिक उल्लेख, म्हणजे नेमका जिव्हाळ्याचा अथवा द्वेषाचा पुरावा, मागे टाकतो.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकास हा अनुभव नवा वाटू नये. पेशवेकालीन पत्रांत सदाशिवराव हे ‘भाऊसाहेब’ असतात, रघुनाथराव ‘दादासाहेब’ असतात, आणि ‘नाना’ म्हणजे बाळाजी बाजीराव की फडणीस, हे काळ आणि संदर्भ पाहिल्यावाचून ठरत नाही. पानिपतच्या संहाराची वार्ता मोत्ये गळाल्याच्या आणि मोहरा हरवल्याच्या सावकारी भाषेतून पुण्याच्या वाटेवर आली, असे परंपरा सांगते. त्या निरोपात युद्धाचा, रणभूमीचा किंवा मेलेल्यांच्या नावांचा मागमूस नव्हता. असल्या कागदापुढे ‘पानिपत’ हा शब्द घेऊन उभा राहणारा यंत्रशोधक रित्या हाताने परत फिरेल. ज्याला सावकारी पेठेची भाषा ठाऊक आहे, तोच तेथे थांबेल.

दुसरी अडचण हस्ताक्षराची. छापील मजकूर यंत्राला बऱ्यापैकी वाचता येतो. हस्तलिखिताच्या बाबतीत गेल्या दशकात प्रगती झाली असली, तरी त्या त्या वळणाचे नमुने आधी माणसाने वाचून द्यावे लागतात आणि नंतरही चुका राहतातच. एखादे पान पडद्यावर दिसते, ह्याचा अर्थ ते शब्दशः शोधता येते असा नव्हे. फ्रँकलिन ह्यांच्या टिपणवह्यांतील आकडे, आकृत्या आणि अर्धवट वाक्ये ही चित्रे म्हणून उपलब्ध होतात. त्यांच्यापर्यंत जाण्याचा मार्ग फाइलीच्या नावातूनच जातो. २४ फेब्रुवारी १९५३ च्या सुमारास त्या डी.एन.ए.च्या दोन्ही रूपांत दोन साखळ्या असाव्यात ह्या निष्कर्षाप्रत आल्या होत्या, हे त्यांचे सहकारी अ‍ॅरन क्लुग ह्यांनी १९६८ मध्ये त्या वह्या वाचून दाखवून दिले. हा शोध कोणत्याही शब्दाच्या जुळणीने लागलेला नाही. स्फटिकशास्त्र जाणणाऱ्या वाचकाने एका पानानंतर दुसरे पान उलटले, म्हणून तो लागला.

४

दुसरी मर्यादा दप्तराच्या रचनेची आहे, आणि ती अधिक खोल आहे. क्रिक ह्यांचा सुरुवातीच्या काळातील बराचसा पत्रव्यवहार एका अति-कार्यक्षम चिटणिसाने टाकून दिला, अशी समजूत कित्येक वर्षे होती. इतिहासकारांनी ती स्वीकारली होती. २०१० मध्ये अलेक्झांडर गॅन आणि जॅन विटकोव्स्की ह्यांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केले की, ती पत्रे नष्ट झालेली नाहीत, कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आलेल्या सिडनी ब्रेनर ह्यांच्या दप्तरात क्रिक ह्यांच्या कागदांच्या नऊ पेट्या मिसळून गेल्या होत्या. क्रिक व ब्रेनर हे केंब्रिजला सुमारे वीस वर्षे एकाच खोलीत बसून काम करीत असत. खोली बदलताना कागदांची सरमिसळ झाली असावी, हे समजण्याजोगे आहे. ह्या पेट्यांत विल्किन्स ह्यांची डिसेंबर १९५१ मधील दोन पत्रे निघाली. एक औपचारिक, केंब्रिजच्या मंडळींनी ह्या विषयावरील काम थांबवावे असे सांगणारे; आणि दुसरे त्याच दिवशीचे, मित्रत्वाचे, मनातली तगमग व्यक्त करणारे. दोन संस्थांमधील ताण आणि दोन माणसांमधील स्नेह हे एकाच वेळी कसे नांदत होते, हे ह्या जोडपत्रांवाचून इतके स्पष्टपणे कळले नसते.

ह्या घटनेचा बोध कोणता? एक तर, ‘नाही’ ह्या निष्कर्षाचे वजन किती थोडे असते हे तिने दाखविले. क्रिक ह्यांच्या नावाच्या संग्रहात जे नव्हते ते ब्रेनर ह्यांच्या नावाच्या पेट्यांत होते. त्या पेट्या उघडल्या जाण्यापूर्वी कितीही कुशल सूचीशोधकाने क्रिक ह्यांचे नाव घातले असते, तरी शून्यच उत्तर आले असते. आणि ते शून्य शोधाच्या अपुरेपणाचे असूनही वस्तूच्या अभावाचे म्हणून नोंदले गेले असते. दुसरे असे की, ही सरमिसळ स्वतःच एक पुरावा आहे. दोन शास्त्रज्ञांचे सहजीवन इतके निकटचे होते की त्यांची दप्तरेही वेगळी राहिली नाहीत, ही गोष्ट कोणत्याही एका पत्रात लिहिलेली नाही. ती पेट्यांच्या रचनेत लिहिलेली आहे.

अभिलेखशास्त्रात मूळ क्रम न मोडण्याचा जो दंडक आहे, त्याचे मर्म येथे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. कोणता कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदाच्या शेजारी निघाला, ह्यावरून त्याचे खाते, प्रसंग आणि पुष्कळदा सालही ठरविता येते. कारण चंद्र लिहिला आणि साल वगळले, अशी जुनी मराठी पत्रे थोडी नाहीत. शोधचौकट ह्याच्या उलट वागते. ती प्रत्येक कागद आपल्या रुमालातून उचलून काढते आणि शब्दसाम्याने जमलेल्या परक्या कागदांच्या रांगेत उभा करते. वाचकाला कागद मिळतो, पण शेजार मिळत नाही. गो. स. सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, तेव्हा निवड करणाऱ्याचा हात त्यात दिसत होता. तो कोणाचा आहे हे वाचकाला ठाऊक होते आणि त्या निवडीवर वाद करता येत होता. शोधचौकटीची निवडही निवडच असते, पण तिच्या निवडणाऱ्याचा हात दिसत नाही. म्हणून तिच्यावर वाद होत नाही. आणि ज्यावर वाद होऊ शकत नाही तो पुरावा सर्वांत धोक्याचा.

५

तिसरी मर्यादा प्रसिद्धीची आहे. ज्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते शोधात अग्रभागी येते. ते अग्रभागी येते म्हणून त्याविषयी पुन्हा लिहिले जाते. ‘छायाचित्र ५१’चे असेच झाले आहे. त्याच्या प्रतिमा असंख्य ठिकाणी मिळतात. मूळ फिल्म, तिच्यावरून काढलेले ठसे, छापील पान आणि त्या पानावरून केलेली स्कॅन ह्या चार निरनिराळ्या वस्तू आहेत; पडद्यावर त्या एकच भासतात. वर्णननोंदीत ‘कर्ता’ ह्या रकान्यात एकच नाव भरण्याची प्रवृत्ती असते. छायाचित्र फ्रँकलिन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली गॉसलिंग ह्यांनी घेतले. एका नावाचा रकाना ह्यापैकी एकाला झाकतो, आणि ज्या प्रकरणाचा सारा कलहच श्रेयाविषयी आहे त्यात हा रकाना निष्पाप राहत नाही.

ह्या चित्राच्या झगमगाटात दुसरा एक कागद मात्र मागे राहिला. १९५२ च्या डिसेंबरमध्ये वैद्यक संशोधन परिषदेची समिती किंग्ज कॉलेजला भेट देणार होती. तिच्यासाठी तयार केलेल्या अहवालात फ्रँकलिन ह्यांच्या मोजमापांचा सारांश होता. समितीचे सदस्य मॅक्स पेरुट्झ ह्यांच्याकडून तो फेब्रुवारी १९५३ मध्ये क्रिक व वॉटसन ह्यांच्या हाती आला. त्यातील स्फटिकाच्या सममितीवरून दोन साखळ्या परस्परविरुद्ध दिशांनी जात असल्या पाहिजेत, हे क्रिक ह्यांनी ओळखले. चित्र पाहून कोणालाही चकित होता येते; त्या आकड्यांचा अर्थ मात्र जाणकारालाच लागतो. १९६९ मध्ये पेरुट्झ ह्यांनी त्या अहवालाचा संबंधित भाग ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे तो गुप्त राहिलेला नाही. पण आकड्यांच्या एका नीरस तक्त्याला चित्राची कीर्ती कशी लाभावी?

ह्या संदर्भात २०२३ मधील एक घटना विशेष महत्त्वाची आहे. मॅथ्यू कॉब आणि नॅथानिएल कम्फर्ट ह्या दोन अभ्यासकांनी, डी.एन.ए.च्या लेखांना सत्तर वर्षे पूर्ण होत असता, ‘नेचर’मध्ये दोन दुर्लक्षित कागद पुढे मांडले. पहिला म्हणजे जानेवारी १९५३ मध्ये किंग्ज कॉलेजातील पॉलिन कॉवन ह्यांनी क्रिक ह्यांना पाठविलेले पत्र. फ्रँकलिन व गॉसलिंग ह्यांचे व्याख्यान होणार असून ते सर्वसाधारण श्रोत्यांसाठी आहे. पेरुट्झ ह्यांना त्याहून अधिक माहिती आधीच आहे, तेव्हा आपणास येणे कदाचित निरर्थक वाटेल, असा त्याचा आशय. दुसरा म्हणजे ‘टाइम’ साप्ताहिकासाठी जोन ब्रूस ह्यांनी १९५३ मध्ये लिहिलेल्या, पण प्रसिद्ध न झालेल्या, वृत्तलेखाचा मसुदा. तो शास्त्रीय तपशील तपासण्यासाठी फ्रँकलिन ह्यांच्याकडे आला होता आणि त्यांच्या कागदांत राहिला. त्या मसुद्यात हा शोध दोन जोड्यांचे काम म्हणून मांडला आहे. एकीकडे विल्किन्स व फ्रँकलिन, दुसरीकडे वॉटसन व क्रिक, आणि मधूनमधून परस्परांच्या कामाची पडताळणी. ह्यावरून लेखकांनी असे प्रतिपादन केले की, फ्रँकलिन ह्यांना केवळ लुबाडली गेलेली स्त्री म्हणून पाहणे हेही त्यांच्यावर अन्याय करणारे आहे; त्या चौघांच्या कामातील एक समान भागीदार होत्या.

हे प्रतिपादन सर्वांनी मान्य करावे असे नाही. पेरुट्झ ह्यांच्याजवळ माहिती असल्याची जाणीव असणे आणि ती माहिती प्रतिस्पर्ध्यांनी प्रतिकृती रचण्यासाठी वापरण्यास संमती देणे, ह्यांत अंतर आहे. आणि एका अप्रकाशित वृत्तलेखाची मांडणी ही पत्रकाराच्या सोयीचीही असू शकते. पण प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. फ्रँकलिन ह्यांचा संग्रह २०१३ च्या अंकीय योजनेत समाविष्ट होता; चरित्रकारांनी त्याआधीही तो पाहिला होता. तरीही ह्या दोन कागदांना त्यांचा अर्थ मिळाला, तो कोणी तरी चर्चिल कॉलेजात जाऊन, ठरलेली कथा बाजूला ठेवून, फाइली पुन्हा वाचल्या तेव्हा. कॉवन ह्यांचे नाव घालून शोधण्याचे कोणाला सुचले असते? ज्याचा शोध घ्यावयाचा हेच माहीत नव्हते, त्याचा शोध लागला. ‘छायाचित्र ५१’ हे शब्द घालणारा हजार वेळा त्याच कथेपाशी येऊन पोहोचला असता. कारण त्या कथेनेच त्याला ते शब्द पुरविले होते.

६

ह्यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे आणि तो न्याय्य आहे. जुन्या अभ्यासकांनाही सारे कागद दिसत नव्हते. सूची पूर्वीही अपुरी होती आणि आता ती निदान विस्तृत तरी झाली आहे. मग दोष नव्या साधनाला का द्यावा? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य केला पाहिजे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ह्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा त्यांच्यापुढे शोधचौकट नव्हती, आणि दारोदार हिंडून त्यांनी जे मिळविले त्याहून अधिक त्यांच्या हातून निसटलेही असेल. परंतु त्यांना आपले अपुरेपण दिसत होते. न उघडलेला पेटारा समोर असला की ‘अजून पाहावयाचे आहे’ ही जाणीव टिकते. पडद्यावरील शुभ्र शून्य ही जाणीव पुसून टाकते. साधन अपुरे असणे हा दोष नव्हे. अपुरेपण लपणे हा दोष होय.

शिवाय सर्वच कागद संस्थांच्या हाती नसतात. १९ मार्च १९५३ रोजी क्रिक ह्यांनी आपल्या बारा वर्षांच्या मुलाला सात पानी पत्र लिहून नव्या शोधाचे वर्णन केले होते. लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी महिनाभर आधीचे हे पत्र २०१३ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. त्याच वर्षी एकीकडे लक्षावधी पृष्ठे सर्वांना विनामूल्य खुली होत होती आणि दुसरीकडे एक पत्र खाजगी मालकीत जात होते. हे पत्र सुदैवाने प्रसिद्ध आहे. पण त्यासारखी दुसरी किती असतील, ह्याचे उत्तर कोणतीही सूची देऊ शकत नाही.

मग विद्यार्थ्याने काय करावे? अंकीय अभिलेखागाराकडे पाठ फिरवावी, असा ह्याचा अर्थ खचित नाही. त्याचा उपयोग डोळसपणे करावा, एवढेच. त्यासाठी काही साधे नियम पुरेसे आहेत. शोध आरंभण्यापूर्वी त्या काळची संज्ञा, संक्षेप, टोपणनावे व मायने ह्यांची यादी करावी. सापडलेला कागद एकटा न वाचता त्याची सबंध फाइल, निदान आधीचे व नंतरचे पाच-दहा कागद, वाचावे. छायाचित्राच्या बाबतीत आपल्यापुढील प्रतिमा मूळ वस्तूच्या कोणत्या अवस्थेची आहे आणि तिच्याखालचे वर्णन कोणी, केव्हा लिहिले, हे विचारावे. कोणते शब्द घातले, कोणत्या दिवशी, कोणत्या संग्रहात आणि किती निकाल आले, ह्याची नोंद ठेवावी. विशेषतः विफल शोधांची. आणि ‘आढळत नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘अमुक मार्गाने पाहिले असता आढळले नाही’ असे लिहावे. हा शब्दच्छल नव्हे. पहिल्या वाक्यात संग्रहाविषयीचा दावा आहे, दुसऱ्यात शोधकाविषयीचा. शोधकाला दुसऱ्याचाच अधिकार आहे.

ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही. मोडी कागदांच्या प्रतिमा करण्याचे काम महाराष्ट्रातही चालू आहे आणि ते वाढावे अशी सर्वांचीच इच्छा आहे. परंतु प्रतिमांची संख्या हे त्या कामाचे माप मानले जाऊ नये. रुमालाचा क्रम प्रतिमांत जपला आहे काय, प्रत्येक कागदाचा गोषवारा मोडी वाचणाऱ्याने लिहिला आहे काय, ‘भाऊ’, ‘दादा’, ‘नाना’ कोण हे नोंदविले आहे काय, जे वाचता आले नाही ते तसे सांगितले आहे काय, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. अन्यथा वाचता न येणाऱ्या कागदांचा ढीग पेटाऱ्यातून काढून संगणकात ठेवल्याचे तेवढे समाधान मिळेल. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने आपल्या नावात ‘संशोधक’ हा शब्द घेतला तो विचारपूर्वक. त्या शब्दात शोधण्याबरोबर शुद्ध करण्याचाही पत्कर आहे.

फ्रँकलिन ह्यांच्या उदाहरणाने हे स्पष्ट होते की, कागद टिकला म्हणून न्याय होत नाही आणि कागद खुला झाला म्हणूनही होत नाही. एका पिढीने त्यांना दुय्यम ठरविले. दुसरीने त्यांना बळी ठरविले. तिसरी त्यांना भागीदार ठरवू पाहत आहे. यांपैकी बहुतेक कागद ह्या साऱ्या काळात कोठे ना कोठे होतेच. बदलले ते त्यांना विचारलेले प्रश्न. यंत्र उत्तरे फार त्वरेने देते, हे खरे. पण प्रश्न विचारण्याचे काम त्याने माणसाकडून काढून घेतलेले नाही, आणि माणसाने ते त्याच्या स्वाधीन करण्याचेही कारण नाही.